नऊ आणि बावीस : एका रक्तरोगाचा इतिहास



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. मी सातवीनंतर शाळा सोडली, सायझिंगमध्ये काम केले आणि पुढे यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत पडलो. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात. असा माणूस रक्ताच्या कर्करोगावर बोलणार म्हटल्यावर आपल्याला नवल वाटेल. परंतु २००७ साली एका सोबत्याने मला एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी या विषयात शिरलो.

हा सोबती सायझिंगमधलाच. महिनोन्‌महिने अंगात कसर, डाव्या कुशीत जडपणा. पाणथरी वाढली म्हणून घरचे उपाय झाले. अखेर रक्त तपासले, तेव्हा एरवी चार ते अकरा हजार असाव्यात अशा पांढऱ्या पेशी दोन लाखांवर निघाल्या. अहवालावर दोन आकडे होते, ९ आणि २२. तो कागद पुढे धरून तो म्हणाला, ‘‘दादा, ह्ये नऊ आन् बावीस काय भानगड हाय?’’ मला काहीच सांगता येईना.

त्या दोन आकड्यांमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. आपल्या पेशींत गुणसूत्रे असतात. आई-बापांकडून आलेला सारा वारसा त्यांत साठवलेला असतो. कर्करोगाचे मूळ या गुणसूत्रांच्या बिघाडात असावे, असा तर्क थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने १९१४ साली मांडला होता. परंतु तर्क पडताळून पाहण्याचे साधन नव्हते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रे ४६ असतात, हेसुद्धा १९५६ साली नक्की झाले. पुढे १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या विशिष्ट रक्तकर्करोगाच्या रोग्यांत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. त्याला त्या शहराचेच नाव पडले. त्याचा एक तुकडा गळून हरवला असावा, असा समज झाला.

त्या काळी गुणसूत्रे ओळखण्याची स्थिती कशी होती, ते मी माझ्या भाषेत सांगतो. मुकादमाने दारात उभे राहून नुसती डोकी मोजावीत, उंच कोण नि बुटका कोण एवढेच पाहावे, तशी. कोणाचे नाव काय ते कळत नसे. १९७० च्या सुमारास स्वीडनमध्ये कास्परसन यांनी विशिष्ट रंगद्रव्य वापरून प्रत्येक गुणसूत्रावरचे पट्टे दाखविले. म्हणजे प्रत्येकाच्या छातीवरचा बिल्ला वाचता येऊ लागला.

आता जॅनेट रोली या बाईंकडे येतो. जन्म न्यूयॉर्कचा, १९२५ सालचा. शिकागो विद्यापीठात वैद्यकीच्या ६५ जागांपैकी मुलींना फक्त तीन. त्या भरलेल्या, म्हणून यांना नऊ महिने थांबावे लागले. १९४८ साली पदवी मिळाली, दुसऱ्याच दिवशी लग्न झाले, आणि पुढे चार मुलगे. पुष्कळ वर्षे त्यांनी आठवड्यातून काही दिवसच काम केले, तेही मतिमंद मुलांच्या दवाखान्यात. तिथेच गुणसूत्रांची गोडी लागली. पतीबरोबर ऑक्सफर्डला एक वर्ष राहून त्या हे तंत्र शिकल्या. १९६२ साली शिकागोस परतल्यावर लिऑन जेकबसन या प्रमुखांकडे त्यांनी काय मागितले? एक सूक्ष्मदर्शक, बसायला जागा, आणि मुले सांभाळणाऱ्या बाईचा पगार भागेल इतके वेतन! आठवड्यातून तीन दिवस त्या काम करू लागल्या. आमच्या भाषेत त्या हजेरीपटावरच्या कायम कामगारसुद्धा नव्हत्या.

ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मुक्कामात त्या पट्टे वाचावयास शिकल्या. १९७२ साली घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कातरून त्या जोड्या लावीत. आई कागदाच्या बाहुल्या खेळते, म्हणून मुले थट्टा करीत. त्या बाहुल्यांतून आधी एका तीव्र रक्तकर्करोगात ८ आणि २१ या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदललेले दिसले. मग फिलाडेल्फियाच्या त्या आखूड गुणसूत्राकडे त्या वळल्या. ते होते २२ वे. आणि ९ वे पाहावे तर ते नेहमीपेक्षा लांब! एकामागून एका रोग्यात तेच. १९७३ साली ‘नेचर’ नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. तुकडा हरवलेला नव्हताच. एका खात्यातली तूट दुसऱ्या खात्यावर जमा झालेली होती.

हे लगेच सर्वांना पटले असे नाही. गुणसूत्रांचा गोंधळ हा रोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे, असे अनेक जाणते म्हणत. बाईंनी वाद घातला नाही, पाहणे चालू ठेवले. १९७७ साली आणखी एका रक्तकर्करोगात १५ आणि १७ यांची अदलाबदल सापडली. विशिष्ट रोगात विशिष्टच अदलाबदल आढळते, तेव्हा तिला अपघात कसे म्हणावे?

पुढे १९८० नंतरच्या दशकात अनेक देशांच्या प्रयोगशाळांनी उरलेला हिशेब पुरा केला. ९ आणि २२ जिथे जुळतात तिथे दोन जनुके चिकटून एक नवे जनुक बनते. ते जे विकर तयार करते ते पेशीला ‘वाढ, वाढ’ असे सांगतच राहते. धागा तुटला की माग आपोआप थांबावा अशी योजना मागात असते. ती बिघडली तर माग चालूच राहतो आणि कापडाची नासाडी होते. तसेच हे. मग निकोलस लिडन आणि त्यांचे सहकारी यांनी औषधकंपनीत इमॅटिनिब हे औषध घडविले. त्या विकराला जिथून शक्ती मिळते, त्याच खोबणीत ते जाऊन बसते. ब्रायन ड्रकर यांनी १९९८ साली रोग्यांवर त्याची चाचणी सुरू केली. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रोग्यांपैकी ५३ जणांचे रक्त ताळ्यावर आले. २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

इथवर कथा आनंदाची आहे. परंतु औषध निघाले म्हणजे ते रोग्याच्या हाती पडले असे नव्हे. नोव्हार्टिस कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. आपल्या देशातील कंपन्यांच्या त्याच गोळ्या आठ-दहा हजारांत मिळत. कंपनीने या औषधाच्या एका स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्यास हरकत घेतली. चेन्नईच्या कार्यालयाने जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. जुन्याच औषधाचे नवे रूप पेटंटास पात्र व्हावयाचे तर त्याने रोग अधिक चांगला बरा होतो हे दाखवावे लागेल, हा कायद्याच्या कलम ३(घ) चा अर्थ न्यायालयाने लावला.

कंपनी पुष्कळ रोग्यांना औषध फुकट देत होती, हे मी नाकारीत नाही. संशोधनाला पैसा लागतो, हेही खरे. परंतु दान दात्याच्या मर्जीवर चालते. शिवाय हे संशोधन कोणाकोणाच्या कष्टाचे? बाईंची ती प्रयोगशाळा अमेरिकन सरकारच्या अणुशक्ती आयोगाच्या पैशावर चालत होती. रोग्यांनी आपले रक्त दिले, परिचारिकांनी ते काढले. शेवटची वीट ठेवणाऱ्याला मजुरी जरूर मिळावी, पण सबंध घर त्याच्या नावावर लावता येणार नाही.

आमच्या सोबत्याचे आठ-दहा हजारसुद्धा त्याच्या पगाराहून जास्त होते. पहिली काही वर्षे कामगारांनी दरमहा वर्गणी काढून गोळ्या आणल्या. खटला दिल्लीत चालू असताना आम्ही तारखा मोजत होतो. निकालाच्या दिवशी तो पाळीवर होता. मी खात्यात जाऊन सांगितले. त्याने घाम पुसला, ‘‘बरं झालं’’ म्हणाला, आणि कामाला लागला. तो आज कामावर आहे, रोज गोळी घेतो.

रोलीबाईंना १९९८ साली लास्कर पारितोषिक मिळाले. २००९ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांना स्वातंत्र्यपदक दिले. डिसेंबर २०१३ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी त्या गेल्या. आमच्या खटल्याचा निकाल त्याच वर्षीचा.

त्या सोबत्याला मी उत्तर दिले ते असे: एका कागदाच्या दोन पट्ट्या कातरल्या आणि त्यांची टोके बदलून दाखविली. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘म्हंजी हरवलं न्हवतं. कुनीतरी नीट बघायला पायजे हुतं.’’