पायवाट आणि वहिवाट

इंग्लंड म्हटले की आमच्यासारख्या कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मँचेस्टरच्या गिरण्या आणि लंडनच्या गोद्या उभ्या राहतात. तेथील रानांतून, शेतांतून, नदीकाठाने रमतगमत हिंडणे हा काही आमचा प्रांत नव्हे. परंतु काही वर्षांपूर्वी संघटनेच्या कामानिमित्त लंडनला जाणे झाले, आणि तेथील एका निवृत्त रेल्वे कामगाराने रविवारी आम्हांस लाउटन या गावी ओढून नेले. लंडनच्या भुयारी रेल्वेनेच तेथे जाता येते. गावाच्या एका बाजूस रोडिंग नदीचे सखल खोरे, दुसऱ्या बाजूस एपिंगचे अरण्य, आणि थोडे पुढे गेले की शेते. दिवसभर चाललो. आपल्याकडचे गड चढणाऱ्यास हे चालणे पोरखेळ वाटेल, इतके ते सौम्य!

चालता चालता आमची पायवाट एका गव्हाच्या शेतात शिरली. बांधाबांधाने जाण्याऐवजी ती उभ्या पिकाच्या मधूनच गेली होती. आम्ही सवयीने थबकलो. दुसऱ्याच्या पिकात पाय घालणे म्हणजे आमच्या गावी भांडणास आमंत्रण. सोबती हसून म्हणाला, “चला, वाट आपली आहे.” पुढे समजले ते असे, की शेतकऱ्याने अशी वाट नांगरली तर चौदा दिवसांच्या आत ती निदान एक मीटर रुंद आणि चालण्याजोगी करून देणे त्यास १९९० च्या कायद्याने भाग आहे. कुंपण आडवे आले तर तेथे चढून उतरण्यास लाकडी पायऱ्या असतात, नाही तर माणूस तेवढा जाईल असे फाटक असते. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सार्वजनिक वाटा सुमारे १,४०,००० मैल भरतात.

या वाटा हौशी लोकांनी हिंडण्यासाठी पाडलेल्या नाहीत. शेतमजूर कामावर जाई, बाई दळण घेऊन पाणचक्कीवर जाई, पोरे शाळेत आणि सारे गाव रविवारी देवळात जाई, त्या येण्याजाण्याने त्या पडल्या. आपल्या मराठीत यास वहिवाट म्हणतात, आणि आम्हांस हा शब्द इंग्रजी कायद्याच्या भाषेपेक्षा अधिक नेमका वाटतो. वाट वाहती राहिली तरच हक्क राहतो, हे त्याच्या पोटातच आहे. १९३२ च्या इंग्लिश कायद्याने असे ठरविले की लोक वीस वर्षे बिनहरकत एखाद्या वाटेने गेले असतील, तर ती सार्वजनिक वाट म्हणून दिली गेली असे सामान्यतः धरावे. आपल्याकडे १८८२ च्या सुखाधिकाराच्या कायद्यातही वाटेच्या हक्कास वीसच वर्षे लागतात. मामलेदाराच्या कचेरीत ज्यांनी बांधावरच्या वाटेसाठी खेटे घातले असतील, त्यांना हे अधिक सांगणे नको.

वाट राहिली, पण वाटेच्या दोन्ही अंगांची जमीन कोठे गेली? १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर सामाईक जमिनीला आणि गायरानांना कुंपणे घातली. ज्याची गाय गायरानावर चरे, जो तेथून सरपण आणी, तो उघडा पडला. हेल्पस्टन गावचा जॉन क्लेअर हा मळणी करणाऱ्या मजुराचा मुलगा. त्याच्या गावच्या कुंपणाचा कायदा १८०९ चा. हा मजूर पुढे कवी म्हणून नावाजला आणि तुटलेल्या माळांचे दुःख त्याच्या लेखणीतून कधी गेले नाही. वाटा तरी सुरक्षित होत्या काय? १८१५ च्या कायद्याने दोन मॅजिस्ट्रेटांनी मनात आणले की ‘अनावश्यक’ वाट बंद करता येऊ लागली, आणि मॅजिस्ट्रेट बहुधा जमीनदारच असे. मँचेस्टरजवळ फ्लिक्स्टन येथे अशाच एका मॅजिस्ट्रेटाने आपल्या बागेतून जाणारी वाट बंद केली, तेव्हा १८२६ साली मँचेस्टरच्या नागरिकांनी जुन्या पायवाटांच्या रक्षणासाठी मंडळी स्थापन केली आणि कोर्टात जाऊन ती वाट सोडविली.

उत्तरेकडील गिरणी कामगारांस १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोनला सुटी मिळू लागली, आणि हिंडणे हा मजुराचाही छंद झाला. सुटीशिवाय पायवाट कोणास हवी? मुंबईच्या गिरणी कामगारांस आठवड्याची एक सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मिळाली, हे येथे स्मरते. बोल्टनजवळच्या विंटर हिलवर १८९६ साली हजारो कामगार बंद केलेली वाट उघडण्यास गेले, आणि कोर्टात हरले. किंडर स्काउटच्या माळावर १९३२ साली घुसलेल्यांपैकी पाच तरुण तुरुंगात गेले. १९४९ साली मजूर पक्षाच्या सरकारने वाटांची गावोगाव नोंद करून अधिकृत नकाशे करण्याचा कायदा केला. हा सारा इतिहास मोठा आहे. आम्ही लाउटनला परततो.

एपिंगच्या अरण्यात शिरलो तेव्हा झाडे विचित्र दिसली. हॉर्नबीम आणि बीचचे बुंधे माणसाच्या डोक्याहून थोड्या उंचीपर्यंत एकच, आणि तेथून एकदम दहा-बारा जाड फांद्या हाताच्या बोटांसारख्या फुटलेल्या. कोकणात राबासाठी झाडांचे टहाळे तोडतात, तशी ही झाडे शतकानुशतके तोडली गेली, सरपणासाठी. लाउटनच्या गावकऱ्यांना हा हक्क होता. अकरा नोव्हेंबरच्या मध्यरात्री पहिली कुऱ्हाड पडे आणि तेवीस एप्रिलपर्यंत तोड चाले. कोणी तोडलेच नाही तर हक्क बुडेल, अशी समजूत होती. १८६० च्या दशकात गावचा जमीनदार, जो गावचा धर्मोपदेशकही होता, त्याने सुमारे १,३०० एकर अरण्यास कुंपण घातले. आख्यायिका अशी, की त्या रात्री गावकऱ्यांना मेजवानी देऊन दारूत गुंगवून ठेवायचे, म्हणजे मध्यरात्र उलटेल, असा बेत होता. टॉमस विलिंगेल नावाचा म्हातारा मजूर तेथून उठला आणि फांदी तोडून परत आला. आख्यायिका खरी असो वा नसो, संपाच्या आदल्या रात्री मालकाकडून आलेली जेवणाची आमंत्रणे आम्ही पाहिली आहेत, म्हणून आम्हांस ती खोटी म्हणवत नाही.

विलिंगेलच्या घरातील तिघे १८६६ साली फांद्या तोडल्याबद्दल तुरुंगात गेले. त्याने स्वतः जमीनदारावर दावा लावला, पण १८७० साली तो वारला आणि दावाही संपला. मग लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने लढा उचलला. गंमत अशी, की कॉर्पोरेशनची त्या भागात दफनभूमीची जमीन होती आणि त्या जमिनीबरोबर अरण्यात गुरे चारण्याचा हक्क येत असे. त्या गुरांच्या जोरावर १८७४ साली कुंपणे बेकायदा ठरली. १८७८ च्या कायद्याने एपिंगचे अरण्य लोकांच्या करमणुकीसाठी कायमचे खुले झाले, आणि १८८२ साली राणी व्हिक्टोरिया हाय बीच येथे येऊन ते जनतेस अर्पण करून गेली. याच हाय बीचच्या वेड्यांच्या इस्पितळात जॉन क्लेअर चार वर्षे होता. १८४१ साली तो तेथून निघाला आणि सुमारे ऐंशी मैल पायी आपल्या घराकडे गेला, वाटेत भुकेने गवत खाल्ले. आम्ही तेथे डबा उघडून जेवलो.

परंतु या १८७८ च्या कायद्याची दुसरी बाजू सोबत्यानेच सांगितली. त्याच कायद्याने फांद्या तोडण्याचा हक्क संपला. अरण्य फिरणाऱ्यांना मिळाले, ज्यांनी त्यासाठी तुरुंग पाहिला त्यांचे सरपण गेले. आणि श्रोतेहो, आपल्याकडचा भारतीय वन कायदाही त्याच १८७८ सालचा! त्याने राखीव जंगले झाली, ठाणे-कुलाब्याकडे टहाळ तोडण्यावर आणि चराईवर जाच सुरू झाला, आणि ओरड इतकी वाढली की मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना महात्मा फुल्यांनी जंगल खात्यावर ओढलेले कोरडे १८८३ चे आहेत. लाउटनच्या मजुरास बदल्यात निदान फिरण्याचा हक्क मिळाला. आमच्या डोंगरातल्या माणसास तोही नाही.

इंग्लंडातही सारे मिळाले असे समजू नये. २००० सालच्या कायद्याने डोंगर आणि माळ बरेचसे खुले झाले, पण तो हक्क सर्वसाधारणपणे नदीकाठास व रानांस लागू नाही. रोडिंगच्या खोऱ्यात आम्ही वाटेवरूनच चाललो.

सायंकाळी स्टेशनकडे येताना सोबत्याने एका विटांच्या इमारतीपुढे थांबविले. हिचे नाव लॉपिंग हॉल, म्हणजे फांदीतोडीचे सभागृह. हक्क सोडल्याबद्दल मिळालेल्या भरपाईतून ते १८८४ साली गावासाठी बांधले. जुन्या दरवाज्यावर कुऱ्हाडी घेतलेली माणसे कोरली आहेत. मान वर करून आम्ही ती पाहात होतो, तोवर गाडी गेली. पुढची येईपर्यंत आम्ही तेथेच उभे राहिलो.