तरवड

नवरात्र जवळ आलं की आजीची हाक आठवते, "तरवड आणला का रे पोरांनो?"

सोलापूरकडच्या आमच्या गावात घटाला तरवडाच्या फुलांची माळ लागायची. आम्ही पोरं पिशव्या घेऊन माळरानावर पळायचो. पाऊस पडो न पडो, पिवळाधमक तरवड तिथे असायचाच. शेळ्यासुद्धा त्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून टिकतो बिचारा! त्याच्या चपट्या शेंगा बघितल्या की कळतं, हा तूर-हरभऱ्याच्या कुळातला. १७५३ साली लिनियसने त्याला 'ऑरिक्युलाटा' म्हणजे 'कानवाला' असं नाव दिलं. पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी उपपर्णं असतात ना, त्यावरून.

पण तरवडाचा खरा इतिहास फुलात नाही, सालीत आहे. सालीत टॅनिन भरपूर. चुन्यात टाकून केस काढलेली कातडी या सालीच्या पाण्यात मुरवली की कुजत नाही, तिचं चामडं होतं. एकोणिसाव्या शतकात मद्रासकडून अशी कमावलेली कातडी जहाजं भरभरून लंडनला जायची. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) ब्रिटिश सैनिकांच्या बुटांनाही हेच चामडं लागलं. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या बाभळीची साल येऊ लागली, क्रोमने कातडी कमावणं आलं, आणि तरवड मागे पडला.

आपल्याकडे हे काम ढोर समाजाचं. दिवसभर चुन्यात, सालीच्या पाण्यात हात. गावाच्या मोटा, चपला, वाद्या या हातांवर चालायच्या, आणि वस्ती मात्र गावाबाहेर. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं करायचं ठरलं तेसुद्धा १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा.

हे सगळं मी पुष्कळ उशिरा वाचलं. वाचताना मात्र एक चेहरा सारखा समोर येत होता. काका, आत्या, तुम्हालाही तो आठवत असेल. फुलं तोडायला आमच्याबरोबर त्या वस्तीतला एक मुलगा यायचा. त्याचे वडील त्याच झुडपांची साल काढायचे, त्यामुळे दाट फुललेला तरवड कुठे आहे हे त्याला नेमकं ठाऊक. सगळ्यात आधी पिशवी भरायची ती त्याची. ती पिशवी आजी आनंदाने ओतून घ्यायची, आणि प्रसाद त्याच्या ओंजळीत वरून टाकायची. त्याने तोडलेली फुलं देवघरात पोचायची, तो कधी अंगण ओलांडून आत आला नाही.

आजी प्रेमळ होती, हे खरंच. ओंजळीत प्रसाद वरून पडायचा, हेही तितकंच खरं. आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही, हे आज जास्त खटकतं.

यंदा घटाला तरवडाची माळ लावेन तेव्हा त्याची आठवण निघेलच. नुसती आठवण काढून काय होणार म्हणा... पण निदान मुलांना फुलाबरोबर सालीचीही गोष्ट सांगेन.