‘प्रेम’ हा शब्द आणि मनोविकृत व्यक्ती : एका लक्षणाचा इतिहास

इंग्रजीत ज्यास ‘सायकोपॅथ’ म्हणतात, त्या व्यक्तीस आपल्या आप्तांविषयी प्रेम वाटू शकते काय, हा प्रश्न वरवर पाहता मानसशास्त्राचा आहे. तथापि ज्या शब्दांत त्याचे उत्तर दिले गेले, त्यांचा इतिहास पाहता तो अर्थविचाराचाही ठरतो. त्या इतिहासातील काही टप्पे येथे नोंदवावयाचे आहेत.

१८०१ मध्ये फ्रेंच वैद्य फिलिप पिनेल याने, बुद्धी शाबूत असूनही वर्तन अनावर असणाऱ्या रुग्णांच्या विकारास ‘भ्रमरहित उन्माद’ अशा अर्थाचे नाव दिले. १८३५ मध्ये ब्रिस्टलच्या जेम्स प्रिचर्डने ‘मॉरल इन्सॅनिटी’ ही संज्ञा पुढे आणली. केल्टिक भाषांची संस्कृतशी तुलना करणारा १८३१ चा ग्रंथ याच प्रिचर्डचा होय. त्याच्या ‘मॉरल’ या पदात केवळ नीती नव्हे, तर भावना व स्वभाव यांचाही समावेश होता. पुढे तो अर्थ संकोचला आणि भावनेचा विकार हा दुर्वर्तनाचा शिक्का होऊन बसला.

भावनेचा मुद्दा पुन्हा ऐरणीवर आणला तो अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली याने. त्याच्या ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ (१९४१) या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांतील सोळा लक्षणांत ‘प्रेमाची अक्षमता’ स्पष्टपणे नमूद आहे. मात्र तो एक सवलत देतो. अशा व्यक्तीस आवडनिवड असते, काही माणसांविषयी ओढही वाटते; परंतु ती उथळ असते व टिकत नाही. मराठीत सांगावयाचे तर क्लेक्ली ‘आवड’ मान्य करतो, ‘जिव्हाळा’ नाकारतो. वाचाविकाराच्या अभ्यासातून ‘अर्थलोपा’ची कल्पना घेऊन तो सुचवितो की, येथे शब्द शाबूत असतात, अनुभव हरपलेला असतो.

या कल्पनेस १९९१ मध्ये काहीसा प्रायोगिक आधार मिळाला. कॅनडातील रॉबर्ट हेअर व त्याच्या सहकाऱ्यांनी कैद्यांस खरे शब्द व निरर्थक अक्षरसमूह वेगळे करावयास सांगितले. इतरांनी भावनावाचक शब्द अधिक त्वरेने ओळखले. मनोविकृतांत हा फरक दिसला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या हेअरच्या सुधारित वीस-कलमी सूचीत मात्र ‘प्रेम’ हा शब्दच नाही. ‘उथळ भावना’, ‘सहानुभूतीचा अभाव’, ‘अनेक अल्पकालीन विवाहसंबंध’ ही पदे आहेत. प्रश्न सुटला नाही. मोजता येईल अशा पदांत तो वाटला गेला.

२०१३ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांस आढळले की, दुसऱ्याची वेदना नुसती पाहताना अशा गुन्हेगारांच्या मेंदूचा प्रतिसाद मंद असतो. पण ‘सहवेदना अनुभवा’ अशी सूचना देताच हा फरक बराच कमी होतो. म्हणजे क्षमता सर्वस्वी नष्ट झालेली नसून ती आपोआप जागी होत नाही, असे मानावयास जागा आहे.

म्हणून ‘असे लोक प्रेम करूच शकत नाहीत’ हे विधान पुराव्यापलीकडचे होय. परंतु अशा माणसाच्या पत्नीस वा मातेस यातून फारसा दिलासा मिळत नाही. सूचनेवाचून व लाभावाचून जी टिकते, तिलाच आपल्या भाषेत माया म्हणतात. आणि नेमक्या त्याच ठिकाणी क्लेक्लीची शंका आजही उभी आहे.