ऑटोसॅम्पलर

ऑटोसॅम्पलर अर्थात स्वयंचलित नमुनादायक हे रासायनिक विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत नमुन्याचा ठरावीक अंश मोजून घेऊन तो विश्लेषक यंत्रात सोडणारे उपकरण होय. क्रोमॅटोग्राफी म्हणजेच वर्णलेखनाच्या यंत्रांना ते प्रामुख्याने जोडलेले असते.

कार्यपद्धती

नमुने बहुधा २ मिलिलिटर मापाच्या काचेच्या कुप्यांत भरून तबकात क्रमाने मांडतात. यंत्राची सुई टोपणातील लवचीक पडदा भेदून नमुना शोषून घेते. वायू-वर्णलेखनात साधारणतः १ मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, तप्त कक्षात सोडला जातो. हाताने सिरिंज दाबताना सुई तेथे किंचित रेंगाळली, तरी लवकर बाष्प होणारे घटक पुढे निघून जातात, जड घटक सुईत मागे राहतात आणि मिश्रणातील प्रमाणच बदललेले दिसते. यंत्र हीच क्रिया सेकंदाच्या अंशात आणि दर वेळी सारख्याच वेगाने उरकते. त्यामुळे या उपकरणाकडे केवळ श्रम वाचवणारे साधन म्हणून पाहणे अपुरे ठरते. द्रव-वर्णलेखनात नमुना उच्च दाबाच्या प्रवाहात मिसळायचा असल्याने त्यासाठी सहा मुखांची फिरती झडप वापरतात.

मागील नमुन्याचा अंश

सुईला किंवा झडपेला चिकटून राहिलेला आधीच्या नमुन्याचा अंश पुढील नमुन्यात उतरणे, हा या उपकरणाचा सर्वांत घातक दोष होय. महाराष्ट्रातून युरोपीय संघात निर्यात होणाऱ्या द्राक्षांची कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी तपासणी होते. ज्या कीटकनाशकासाठी स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याला तेथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू असते. समजा, एका नमुन्यात किलोमागे १० मिलिग्रॅम अवशेष आहे आणि त्याचा केवळ ०.१ टक्का पुढील कुपीच्या मोजणीत उतरला, तर त्या दुसऱ्या बागेच्या स्वच्छ द्राक्षांतही नेमके ०.०१ मिलिग्रॅम अवशेष दिसेल. म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर सुई द्रावकाने धुतात आणि तीव्र द्रावणापाठोपाठ निव्वळ द्रावकाची कोरी कुपी ठेवतात. कोऱ्या कुपीच्या आलेखात त्या रसायनाचे शिखर उमटले, तर त्यानंतरचे निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत.

मर्यादा

कुपीत द्रव कमी असल्यास सुई हवाच ओढते. कुप्यांची अदलाबदल झाली, तर साधे यंत्र चुकीच्या नावापुढे अचूक आकडा नोंदवते. काही यंत्रांत यासाठी बारकोड वाचण्याची सोय असते.