स्किड प्लेट: ऑफ-रोड गाडीच्या पोटाखालची ढाल कशी निवडावी?

दगडावर आपटून ऑइल संप फुटला, तर इंजिनातले ऑइल झपाट्याने वाहून जाते. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागूनही गाडी रेटली, तर इंजिन जाम होते. हे टाळण्यासाठी गाडीच्या पोटाखाली बसवली जाणारी जाड धातूची ढाल म्हणजे स्किड प्लेट. अनेक गाड्यांखाली असलेले प्लॅस्टिकचे कव्हर चिखल-पाणी अडवते, दगड नाही.

पोलाद की ॲल्युमिनियम?

पोलादी प्लेट साधारण ३ ते ४ मिमी जाड असते. ती स्वस्त असते, दगडावरून सहज घसरते आणि वाकली तर ठोकून सरळ करता येते. पण ती जड असते आणि गंजते. तेवढ्याच आकाराच्या ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश भरते. मात्र ते मऊ असल्याने प्लेट ५ ते ६ मिमी जाड लागते आणि टोकदार दगडावर ती अडकू शकते. म्हणून खडकाळ वाटांसाठी पोलाद, तर कच्च्या रस्त्यांवरच्या लांब प्रवासासाठी ॲल्युमिनियम बरे.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

• प्लेट थेट चासीला बोल्टने बसते का? पातळ पत्र्याला अडकवलेली प्लेट पहिल्याच दणक्यात उखडू शकते.
• संपाबरोबर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसही झाकले जातात का?
• ऑइल काढण्यासाठी आणि चिखल धुण्यासाठी भोके आहेत का?
• बोल्टची डोकी खोबणीत बसतात का?

प्रत्येक सफरीनंतर प्लेटवर साचलेले वाळके गवत काढावे. गरम सायलेन्सरजवळ ते पेट घेऊ शकते.