औरंगाबाद, जून १८५७ : एका चकमकीचे मोल

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे सत्तावन्नची झाशी मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. मराठवाड्याचे सत्तावन्न मात्र आपल्या अभ्यासात क्वचितच येते. याचे एक कारण असे की, औरंगाबादच्या छावणीत जे घडले त्याला रूढ अर्थाने लढाई म्हणणे कठीण आहे.

हैदराबाद कॉन्टिन्जंटचे पहिले घोडदळ नुकतेच मोमिनाबादेहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून, औरंगाबादेत आले होते. हे सैन्य नावाने निजामाचे, हुकमत मात्र इंग्रज अधिकाऱ्यांची. त्याच्या खर्चापोटीच १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला होता. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी वार्ता पसरली आणि स्वार बिथरले. निजामाच्या मुलखाबाहेर जाऊन बादशहावर शस्त्र उचलणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

जूनच्या उत्तरार्धात जनरल वुडबर्न पुण्याहून गोरे घोडदळ आणि तोफा घेऊन दाखल झाला. स्वारांना उभे करून म्होरक्यांची नावे पुकारण्यात आली; त्यांत पहिले नाव जमादार अमीरखान यांचे होते. क्षणात रांगा मोडल्या. तोफा धडाडल्या खऱ्या, पण अनेक स्वार घोड्यांवर मांड टाकून निसटले. जे सापडले त्यांचा निकाल लष्करी न्यायालयाने तडकाफडकी लावला. कुणी फासावर गेले, कुणाला गोळ्या घातल्या, कुणाला तोफेच्या तोंडी दिले. कॅप्टन ॲबटवर गोळी झाडणारे मीर फिदा अली यांना फाशी झाली.

चकमक एवढीच, पण तिचे पडसाद दोन दिशांना उमटले. वुडबर्नने तातडीने महूकडे कूच करावे, असा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांचा आग्रह होता. वुडबर्न औरंगाबादेतच रेंगाळला आणि १ जुलै रोजी इंदूर व महू येथे उठाव झाला. दक्षिणेत, हैदराबादेत आलेल्या जमादार चीदाखान यांना सालारजंगांनी पकडून रेसिडेंटच्या हवाली केले. त्यातून पेटलेला जमाव १७ जुलै रोजी तुर्रेबाजखान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर चालून गेला. एका छावणीतला नकार असा माळव्यापर्यंत आणि हैदराबादपर्यंत पोहोचला.

या नकाराला नाव काय द्यावे? ‘शिपायांचे बंड’ म्हटले की राज्यकर्त्यांचा निवाडा आपण न तपासता स्वीकारतो. ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले की स्वारांच्या तोंडी आपण आपली, नंतरच्या काळाची भाषा घालतो. त्यांचा युक्तिवाद चाकरीच्या शर्तींचा होता आणि बादशहावरील निष्ठेचा होता. त्यात आजच्या अर्थाचे राष्ट्र शोधणे जितके चुकीचे, तितकेच त्याला केवळ बेशिस्त ठरवणे अन्यायाचे. शिवाय ज्या दप्तरांतून हा युक्तिवाद आपल्यापर्यंत येतो, ती शिक्षा देणाऱ्यांची दप्तरे आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्याला निवेदकाचा दृष्टिकोन तपासण्याची सवय असते. इथे ती इतिहासाच्याही कामी येते.

शिक्षांची जागा लोकस्मृतीत ‘काळा चबुतरा’ म्हणून राहिली. छत्रपती संभाजीनगरचा तो परिसर आज क्रांती चौक म्हणून ओळखला जातो. पहिल्या नावात देहदंडाची आठवण आहे, दुसऱ्यात गौरव. मात्र अमीरखान, मीर फिदा अली आणि चीदाखान ही नावे या दोन्हींत नाहीत. ती निदान आपल्या वर्गांत तरी उच्चारली जावीत.