न्यूट्रल मोरेसनेटचे सीमादगड

न्यूट्रल मोरेसनेटचे सीमादगड हे बेल्जियमच्या पूर्व भागातील केल्मिस गावाच्या परिसरात उभे असलेले जुने हद्ददर्शक दगड आहेत. १८१६ ते १९२० या काळात अस्तित्वात असलेल्या न्यूट्रल (तटस्थ) मोरेसनेट या प्रदेशाची सीमा त्यांनी दर्शविली जात असे. हा प्रदेश बेल्जियममध्ये विलीन झाल्यावर त्यांचे राजकीय प्रयोजन संपले. तरीही ६० दगडांपैकी ५० हून अधिक दगड आजही टिकून आहेत.

पार्श्वभूमी

नेपोलियनच्या पराभवानंतर व्हिएन्ना परिषदेत (१८१४–१५) युरोपातील सीमांची फेरआखणी झाली. केल्मिस येथील जस्ताची खाण नेदरलँड्स व प्रशिया या दोघांनाही हवी होती. २६ जून १८१६ रोजीच्या आखेन तहानुसार खाणीसह सुमारे ३.५ चौ. किमी प्रदेश दोन्ही राज्यांच्या संयुक्त प्रशासनाखाली तटस्थ ठेवण्यात आला. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर या व्यवस्थेत नेदरलँड्सची जागा बेल्जियमने घेतली. प्रदेशाचा आकार त्रिकोणी होता. त्याचे उत्तर टोक व्हाल्सरबर्ग टेकडीवर होते, तर आखेन–लीज रस्ता ही त्याची दक्षिण सीमा होती. १८८५ मध्ये खाणीतील साठा संपला. मात्र खाणीसाठी आखलेली सीमा कायम राहिली.

सीमाबदल

पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने हा प्रदेश बेल्जियमला दिला. तह १० जानेवारी १९२० रोजी अमलात आला. शेजारचे ऑयपेन व माल्मेदी हे जर्मन जिल्हेही बेल्जियमकडे गेल्याने सीमादगडांच्या दोन्ही बाजूंस एकच देश आला. १९४० मध्ये जर्मनीने हा परिसर आपल्या राज्यास जोडला व युद्धानंतर तो पुन्हा बेल्जियमकडे आला. अशा प्रकारे जागचे न हलता हे दगड वेगवेगळ्या राज्यांच्या अंतर्भागात गेले.

सद्यस्थिती

जुनी पश्चिम सीमा आज बऱ्याच अंशी केल्मिस व प्लोंबिएर या नगरपालिकांमधील हद्द आहे. केल्मिस हे बेल्जियमच्या जर्मनभाषक समुदायात मोडते, तर प्लोंबिएर त्याबाहेर आहे. त्यामुळे आंतरराष्ट्रीय सीमा म्हणून लोप पावलेली ही रेषा प्रशासकीय व भाषिक हद्दीच्या रूपाने उरली आहे. पूर्व सीमेवरील दगडांना आता केवळ ऐतिहासिक मूल्य आहे.

१९२० पूर्वी व्हाल्सरबर्गवर चार प्रदेशांच्या सीमा एकत्र येत. आज तेथे नेदरलँड्स, बेल्जियम व जर्मनी हे तीनच देश मिळतात. टेकडीवर जाणाऱ्या डच रस्त्याचे ‘फिअरग्रेन्झनवेख’ (चार सीमांचा रस्ता) हे नाव मात्र कायम आहे.

महत्त्व

मूळ जागी असलेला सीमादगड जुनी हद्द जमिनीवर नेमकी कोठून जात होती, याचा प्रत्यक्ष पुरावा असतो. तो अन्यत्र हलविल्यास दगड जतन होतो, परंतु स्थानाचा पुरावा नष्ट होतो. त्यामुळे अशा दगडांच्या बाबतीत वस्तूइतकेच तिच्या जागेचे जतन महत्त्वाचे ठरते.